सर्वधर्मीय बैठकांनी तणाव खरोखर निवळतो का?

महालनिवासी:
१७ मार्च २०२५ रोजी एका अफवेवरून महाल भागात हिंसाचार उसळला आणि नागपुरातील अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. त्यानंतर सर्वधर्मीय बैठका झाल्या. परंतु त्यांत बोलणारे बहुतेक जण आधीपासूनच एकमेकांच्या घरी येणारे-जाणारे असतात, आणि ज्यांची डोकी तापलेली असतात ते तिकडे फिरकतही नाहीत. ताजबागेत, म्हणजे नागपुरातील ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात, सर्व धर्मांचे लोक माथा टेकतात, हा दाखला प्रत्येक वक्ता देतो. तो खराच आहे, पण त्याने त्या दिवशीची अफवा थांबली नाही. अशा संवादामुळे संघर्ष टळल्याचे उदाहरण कोणी सांगू शकेल का?

सेवानिवृत्त:
भिवंडी पाहावी. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेल्या या शहरात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभारल्या. सभासद म्हणून पुढाऱ्यांपेक्षा त्याच वस्तीतील सामान्य हिंदू-मुस्लिम रहिवाशांवर त्यांचा भर होता, आणि बैठका तणाव नसतानाही होत. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. कोणाचा धर्म काय शिकवतो यापेक्षा कोणाचे कोणाशी कशावरून बिनसले हे वेळीच कळणे, माझ्या मते, अधिक मोलाचे ठरले.

सदरकर:
तापलेल्या डोक्यांच्या मुद्द्याला नायजेरियातील कादुनाचा दाखला अधिक लागू पडतो. इमाम मुहम्मद अशाफा आणि पास्टर जेम्स वुये हे परस्परविरोधी सशस्त्र तरुण गटांत होते. १९९२ च्या हिंसाचारात वुये यांनी हात गमावला, तर अशाफांचे गुरू आणि दोन भाऊबंद मारले गेले. पुढे १९९५ मध्ये याच दोघांनी मध्यस्थीचे केंद्र सुरू केले. अर्थात, २००० मध्ये शरियतच्या प्रश्नावरून कादुना पेटलेच, आणि ऑगस्ट २००२ मध्ये धर्मगुरूंनी शांततेच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्यावर त्याच नोव्हेंबरात पुन्हा दंगल झाली. तेव्हा या साधनाकडून किती अपेक्षा ठेवावी, याचाही विचार व्हावा.

वकीलसाहेब:
ज्याचे दुकान जळले त्याला भरपाई मिळण्याआधी आणि जाळणाऱ्यावर खटला उभा राहण्याआधी त्याला सलोख्याच्या बैठकीला बोलावणे, म्हणजे गप्प बसायला सांगणेच होय.

महालनिवासी:
भिवंडीचा नमुना पटला. रामनवमीची शोभायात्रा आणि ईदचा जुलूस यांच्या पुष्कळ आधी वस्तीपातळीवर बसता येईल. मात्र दिवसरात्र मोबाइलवर असणारी विशी-बाविशीची मुले त्या बैठकीत आणायची कशी, हा प्रश्न त्या काळी कोणापुढे नव्हता. कोणी तसा प्रयत्न केला असल्यास कृपया सविस्तर लिहावे.