दुपारी खिडक्या उघड्या की बंद?

उंबरठा: उन्हाळा आला की हा वाद ठरलेला, म्हणून धागा काढला. माझं मत: वाऱ्याने घर गार होतं ते बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड असेल तरच. बाहेर 40 अंश, आत 33, आणि खिडक्या सताड उघड्या? ही तर फुकटची शेगडी. दिवसा सगळं बंद, रात्री सगळं उघडं. रात्री अकराला पलंगामागच्या भिंतीला हात लावून बघा, नुकत्याच बंद केलेल्या इस्त्रीसारखी लागते. ती उष्णता रात्रीच्या वाऱ्यानेच जाते. झिंबाब्वेच्या हरारे शहरात 1996 सालची ईस्टगेट सेंटर नावाची इमारत आहे, तिथे हेच करतात. रात्रीची गार हवा पंख्यांनी काँक्रीटच्या पोकळ्यांतून खेळवतात.

हवेशीर: साफ असहमत. घर थर्मामीटरसाठी बांधलंय की माणसांसाठी? बंद खोलीत चार जण बसले की प्रत्येकाची साधारण 100 वॅट उष्णता, वर घामाची वाफ. अंगावरून झुळूक गेली की घाम वाळतो आणि जीव थाऱ्यावर येतो.

उंबरठा: त्यासाठी पंखा आहे की! माणूस गार होतो, खोली नाही. रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवलात तर मोटरच्या उष्णतेने खोली उलट तापते.

आकडेमोड्या: दोघंही पश्चिमेची काच विसरलात. एक घनमीटर हवा दर अंशामागे जेमतेम 0.33 वॅट-तास उष्णता नेते. 30 घनमीटरची खोली, तासाला दहा वेळा हवा बदलतेय, बाहेर 5 अंश गार आहे असं धरा. 300 × 5 × 0.33, म्हणजे सुमारे 500 वॅट बाहेर. संध्याकाळचं तिरपं ऊन एका चौरस मीटर साध्या काचेतून जवळपास तेवढंच आत आणतं. काच दोन चौरस मीटर असली की वारा हरला. आधी ऊन अडवा, तेही काचेच्या बाहेरून. आतला पडदा ओढेपर्यंत ऊन घरात शिरलेलं असतं.

हवेशीर: हे पटलं. पण दमट हवेत रात्र दिवसापेक्षा चारच अंश गार असते, तिथे उंबरठा यांची जाड भिंत कशी निवणार? तिथे हलक्या भिंती, समोरासमोर खिडक्या, दिवसरात्र वारा.

उंबरठा: दमट हवेपुरतं मान्य. कोरड्या हवेत माझंच खरं. :)

तळमजला: तुमचं चालू द्या. आमची एकच खिडकी, ती चार बोटं उघडते. रात्री त्याहून जास्त उघडली की डास आणि चोर दोघांना आमंत्रण.

आकडेमोड्या: जाळी, गज आणि दाराच्या वर झरोका. गरम हवा वरून निघते, गार हवा खालून येते. दोन फटींमधली उंची चौपट झाली तर प्रवाह दुप्पट होतो, त्यामुळे झरोका छताला जितका चिकटून तितका बरा.

तळमजला: झरोका आहे. मागच्या भाडेकरूने रंग मारून बुजवलाय. रविवारी पटाशी घेऊन बसतो.