शिवण शिकणाऱ्यांसाठी पहिले मशीन : सोलापूरकरांचे अनुभव

उशांचे अभ्रे, पडद्यांच्या कडा, पिशव्या, झबली आणि उसवलेल्या कपड्यांची दुरुस्ती एवढेच घरी करायचे असेल, तर कमी खर्चात कोणते मशीन घ्यावे, असा प्रश्न अनेकींनी (आणि काही पुरुषांनीही) विचारला आहे. ज्यांनी स्वतः वापरले आहे त्यांनी मशीनचा प्रकार, त्यावर नेमके काय शिवले आणि दुरुस्तीची सोय काय, हे लिहावे. ‘अमुक कंपनी उत्तम’ एवढ्यावर कृपया थांबू नये.

निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

माझ्याकडे काळे, लोखंडी, सरळ टाक्याचे पायमशीन आहे. आपल्या गावात चादरी-टॉवेल घरोघरी हवे तेवढे असतात, आणि विरलेल्या टॉवेलांची पायपुसणी व जुन्या चादरींच्या पिशव्या शिवणे हाच माझा मुख्य उद्योग असल्यामुळे, जाड कापडाच्या तीन-चार घड्यांतून सुई आरपार नेणारे मशीन मला हवे होते. हे मशीन ते काम करते. फक्त १६ किंवा १८ नंबरची सुई लावून टाका थोडा मोठा ठेवावा लागतो. वीज गेली तरी काम अडत नाही.

नवशिक्यांची खरी अडचण पायाच्या लयीची असते. चाक उलटे फिरले की दोरा गुंततो किंवा तुटतो. म्हणून आधी दोरा न ओवता, कापड न ठेवता आणि दाबपट्टी (कापड दाबून धरणारी पट्टी) वर उचलून नुसते पायडल मारण्याचा सराव करावा. चाक न अडखळता एकाच दिशेने फिरू लागले की मगच कापड घ्यावे. यात झिगझॅग (नागमोडी टाका) नाही, त्यामुळे सुटणाऱ्या कडा मी दुहेरी दुमडून शिवते आणि साडीच्या पिकोसाठी मुकाट्याने दुकानात जाते.

गृहिणी, मुरारजी पेठ

आमच्या घरात पायमशीनच्या स्टँडला जागा नाही, म्हणून विजेवर चालणारे, उचलून कपाटात ठेवता येणारे झिगझॅग मशीन घेतले. किंमत काळ्या मशीनपेक्षा बरीच जास्त पडली. टाक्यांचे प्रकार वाढतात तशी किंमत वाढते, पण मी सरळ टाका, झिगझॅग आणि काज यांपलीकडे फारशी गेलेली नाही. मुलांचे टी-शर्ट, लेगिंग यांसारखे ताणले जाणारे कापड शिवायचे असेल तर झिगझॅग हवेच, कारण सरळ टाका कापड ताणले की तुटतो. त्यासाठी गोल टोकाची सुई वेगळी मिळते. खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होत असेल तर मशीनला दोष देण्यापूर्वी दाबपट्टी वर करून वरचा दोरा पुन्हा ओवावा. पट्टी खाली असताना वरचा दोरा ताणून धरणाऱ्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये नीट बसत नाही.

गणवेश कारखान्यातील शिवणकामगार, अक्कलकोट रस्ता

कारखान्यातली जुनी मोटरची मशीन स्वस्तात मिळते, ती घरी घेऊ का, असे शेजारणी मला नेहमी विचारतात. मी नको म्हणते. अशी मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाक्यांपर्यंत धावते; पाय जरा जोरात पडला की नवशिकीच्या हातातून कापड निसटते. टेबलासह ती अर्धी खोली अडवते आणि शिवते मात्र सरळ टाकाच. रोज ढीगभर गणवेश काढायचे असतील तर तिला तोड नाही, चार अभ्र्यांसाठी ती नको.

विद्यार्थिनी, होटगी रस्ता

हातात मावणारे खेळण्याएवढे मशीन मी घेतले होते. रुमालाची कड शिवली गेली, जीन्सवर ते थांबले. त्याचे सुटे भाग इथे कोणाकडेही मिळाले नाहीत.

मशीन दुरुस्त करणारे, नवी पेठ

जुने पायमशीन घेणाऱ्यांनी सोबत स्वतःचे कापड न्यावे: एक सुती, एक जाड. आधी चाक हाताने फिरवून पाहावे. एखाद्या ठिकाणी ते जड होत असेल तर बहुधा सुकलेले तेल किंवा अडकलेला दोरा असतो, आणि ते साफ करता येते. शटलच्या (खालून दोरा पकडणाऱ्या भागाच्या) टोकाला ओरखडा असेल, तर मात्र दोरा पुन्हापुन्हा तुटेल, म्हणून त्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) आणि ती बसवायची डबी (केस) त्याच मापाची बाजारात मिळते ना, हे विचारावे. आधीच्या मालकाने खोबरेल तेल घातले असेल तर आतले भाग चिकट झालेले दिसतील. मशीनचे पातळ तेलच वापरावे. चामडी पट्टा सैल आहे म्हणून सौदा मोडू नये, तो थोडा कापून पुन्हा तारेने जोडता येतो.