बायोस रिसेटचं बटन कॅबिनेटच्या बाहेर काढावं का?

थंड_रॅम (इंदूर)
मुद्दा छोटा आहे, पण घरात यावरून दोन गट पडलेत, म्हणून इथे टाकतोय. माझ्या मशीनमध्ये बायोसची (मशीन सुरू होताना सर्वात आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम) सेटिंग जपणारा मदरबोर्डचा सेल आणि ती पुसायचा जंपर (बोर्डावरच्या पिना, ज्या जोडून सेटिंग पुसतात), दोन्ही ग्राफिक्स कार्डाच्या खाली दडलेत. कार्ड तीन स्लॉट जाडीचं. मला रॅम जास्त वेगाने पळवायचा नाद आहे. एखादा आकडा चुकला की पंखे फिरतात आणि स्क्रीन काळीच राहते. अशा वेळी बोर्डाने आपणहून सुरक्षित सेटिंगवर यायचं असतं. कधी येतो, कधी रुसून बसतो. मग कॅबिनेट आडवं करा, साइड पॅनल काढा, कार्डाची पॉवर केबल उपटा, दोन स्क्रू, वर ती स्लॉटची नाजूक खिट्टी. मागच्या रविवारी हे तीनदा झालं. पोहे गार झाले आणि आईने परत गरम करून द्यायला साफ नकार दिला.

माझं मत : जंपरच्या दोन पिनांवरून वायर काढावी आणि बटन बाहेर आणावं. माझ्या कॅबिनेटचं रिसेट बटन असंही वर्षानुवर्षं कुणी दाबलेलं नाही. त्याचाच प्लग तिकडून काढून इकडे लावला की एक रुपया खर्च नाही. विरोध असेल तर कारणासकट सांगा.

हिशेबनीस
कारणासकट सांगतो. कापड मार्केटातल्या एका पेढीवर हाच पराक्रम झाला होता. मशीन जोडून देणाऱ्याने पुढचं रिसेट बटन जंपरला लावून ठेवलं, "साहेब, अटकलं तर दाबा" म्हणाला. शेठजींचा नातू दुकानात यायचा. मशीन बंद असताना त्याने ते बटन टकाटक दाबलं. सेटिंगबरोबर घड्याळही पुसलं गेलं. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू झाला तो काही वर्षं मागच्या तारखेने. इंटरनेट त्या मशीनला दिलेलंच नव्हतं, त्यामुळे घड्याळ आपोआप सुधारायचा प्रश्न नाही. दुपारपर्यंतची बिलं जुन्या तारखेने फाटली. ती निस्तरायला माझे दोन दिवस गेले, आणि शेठजींना अजून वाटतं की चूक माझीच.

जी गोष्ट वर्षातून एकदा लागते ती कुलपाआडच बरी. गॅसचा रेग्युलेटर आपण दाराबाहेर बसवतो का?

डाखवाला
काका, तुमचा नातवाचा किस्सा खरा आहे, पण गुन्हा बटनाचा नाही, जागेचा आहे.

आता थोडं पिनांबद्दल, कारण निम्मे लोक इथेच बोर्ड घालवतात. नव्या बोर्डांवर बहुतेक दोन पिना असतात. त्या एरवी मोकळ्या, जोडल्या की सेटिंग पुसली जाते. तिथे दाबून सोडायचं साधं बटन चालतं. जुन्या बोर्डांवर तीन पिना आणि एक टोपी. टोपी १-२ वर असेल तर नेहमीचं काम, २-३ वर नेली की पुसणं. तिथे साधं बटन लावायला जाल तर १-२ ची जोडणीच सुटेल. त्याला तीन टोकांचा इकडून तिकडे होणारा टॉगल लागतो, आणि तो परत जागेवर आणायला विसरलात की मशीन सुरूच होणार नाही. मग अर्धा दिवस एसएमपीएसला (मशीनला वीज पुरवणारा डबा) शिव्या. (हो, मी दिल्यात.)

दुसरं, हे चालू मशीनवर दाबायचं नाही. आधी बंद करा, मागची केबल काढा. नुसतं शटडाउन पुरत नाही, केबल लागलेली असेपर्यंत एसएमपीएस बोर्डाला ५ व्होल्ट देतच असतो. बोर्डावरचा दिवा विझला की मग पाच-दहा सेकंद दाबून धरा. आणि जुनं रिसेट बटन वापरायचा बेत मला याचसाठी आवडत नाही : गेम अटकला की हात सवयीने तिथेच जातो.

तिसरी_पिढी_इंदूर
मी विरोधात, आणि माझं कारण लहान मुलं नाहीत. माझ्या मते हा रोगावर नाही, तापावर उपाय आहे. रॅम तीनदा अडकते म्हणजे ती त्या वेगाला चालत नाही. एक पायरी खाली ये, प्रश्न संपला. बटन हाताशी आलं की तू दिवसातून दहा वेळा दाबशील.

शिवाय सेटिंग पुसली म्हणजे फक्त रॅमचा वेग गेला असं नाही. बूटचा क्रम, पंख्यांचे वेग, डिस्कचा मोड, सगळं कारखान्यातून आलं तसं. डिस्क रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र जोडायचा मोड) असेल आणि बोर्ड परत एएचसीआयवर (डिस्कचा साधा मोड) गेला, तर विंडोज निळा पडदा दाखवून मोकळं. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती कुठे लिहून ठेवली आहे ते आत्ता, न उठता, सांग बरं?

थंड_रॅम
बिटलॉकर चालू आहे की नाही तेच आत्ता जाऊन पाहिलं. चालू आहे. रिकव्हरी की ईमेलच्या खात्यात सापडली, छापून कपाटात ठेवली. या एका प्रतिसादासाठी धागा वसूल.

पण "एक पायरी खाली ये" हे पटत नाही. मग सराफ्यात रात्री खायला जायचं कशाला, घरी वरणभात आहेच की. आणि तू म्हणतोस ती सगळी सेटिंग मी कार्ड उपटून पुसली तरी जाणारच आहे. बटनाने फक्त स्क्रूचा त्रास वाचतो.

तिसरी_पिढी_इंदूर
स्क्रूचा त्रास हाच तर विचार करायला मिळणारा वेळ आहे.

एटी_पासूनचा
गंमत वाटते वाचून. तुम्ही मुलं ज्याला नवी युक्ती म्हणताय तिथूनच सुरुवात झाली होती. १९८१ च्या आयबीएम पीसीत सेटिंग पुसायची भानगडच नव्हती, कारण ती साठवलीच जात नव्हती. मेमरी किती, फ्लॉपी किती, स्क्रीन कोणती, हे बोर्डावरच्या बारक्या डिप स्विचांनी सांगायचं. पेनाच्या टोकाने वर-खाली करायचं, बस. १९८४ च्या आयबीएमच्या एटी मॉडेलमध्ये मोटोरोलाची घड्याळवाली चिप आली, तिच्यातल्या मूठभर बाइट्समध्ये सेटिंग जाऊन बसली आणि ती जपायला बॅटरी लागू लागली. तेव्हापासून सेलची ही सगळी कटकट.

मी थंड_रॅमच्या बाजूने. यंत्राच्या मालकाला यंत्राचा हात धरता आला पाहिजे. महागड्या बोर्डांवर कंपन्या हे बटन मागच्या पट्टीवर स्वतःच देतात. ते चालतं, मग आपण लावलेलं का नको?

हिशेबनीस
कारण कंपनीचं बटन मागे, खोलगट आणि बोर्डाला जोडलेलं असतं. तुमचं पुढे, उघडं आणि दोन फूट वायरीच्या टोकाला.

नवशिका_४५२००१
मध्येच विचारतो. माझं मशीन बायोस अपडेट करताना वीज गेली, तेव्हापासून मेलेलं आहे. हे बटन लावलं तर उठेल का?

डाखवाला
नाही भिया. पुसली जाते ती सेटिंग. बायोसचा प्रोग्राम वेगळ्या फ्लॅश चिपमध्ये असतो, तो बिघडला तर या बटनाचा उपयोग नाही. तुझ्या बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशबॅक (पेनड्राइव्हवरून बायोस परत भरायची सोय) लिहिलेलं बटन आहे का बघ. असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या नावाची फाइल पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह ठरलेल्या यूएसबीतच. नसेल तर चिप प्रोग्राम करून देणारा गाठ.

काकांच्या मुद्द्यावर तोडगा : दोन बटनं सिरीजमध्ये. एक मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्टीला भोक पाडून, दुसरं कॅबिनेटच्या आत खाली. दोन्ही एकाच वेळी दाबल्याशिवाय पिना जोडल्याच जात नाहीत. नातवाचे हात तेवढे लांब नसतात. वायरी एकमेकींना पीळ घालून न्या आणि डाख दिलेल्या जागी प्लास्टिकची बारीक नळी चढवा. उघडी टोकं बोर्डावर नाचू देऊ नका.

हिशेबनीस
आतलं बटन दाबायला पॅनल उघडायचंच ना? मग बाहेरचं कशाला लावलं?

डाखवाला
...हे बरोबर आहे. दोन्ही मागेच, वीतभर अंतरावर. किंवा एकच, पण चावीचा स्विच.

हिशेबनीस
चावीला माझी हरकत नाही. ती माझ्याकडे ठेवा.

थंड_रॅम
अपडेट. आज पॅनल उघडलं. पिना दोनच आहेत, मॅन्युअलशी ताडून पाहिलं. एक रिकामी पट्टी काढून भोकही पाडलं. अडलं ते तिसऱ्याच जागी : पिनांवर प्लग उभा बसवला की वर ग्राफिक्स कार्डाचं कवच त्याला टेकतं. कार्ड पूर्ण बसतच नाही.

तिसरी_पिढी_इंदूर
कार्डालाही माझंच पटलेलं दिसतंय.

डाखवाला
जोर करू नकोस, पिना वाकतील. कडक प्लग काढून टाक, आतल्या धातूच्या दोन टिकल्या तेवढ्या ठेव, त्यांवर पातळ नळी चढवून वायर आडवी वळव. उंची निम्म्याने कमी होईल. जेल रोडला जाणार असशील तर नळी दीड मिलिमीटरची घे, आणि माझ्यासाठी पण हातभर आण.