आयटीआयवाल्यांनी आधी ट्रेड किती वर्षांचा ते बघा

'डिग्री नसेल तर आखात सोडून दुसरीकडे कुठे जाता येत नाही' हे परदेशातल्या नोकरीच्या या चर्चेत वर दोघातिघांनी लिहिलंय, ते आता तितकंसं खरं नाही. जर्मनीत आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत करत शिकायचं प्रशिक्षण, आहेच, पण त्यात पुन्हा शिकाऊ म्हणून साधारण तीन वर्षं आणि त्याआधी बी-१ पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, जर्मन भाषा. पंचविशी ओलांडून हाताला काम लागलेल्या माणसाला ते नको वाटतं. मार्च २०२४ पासून तिथे अनुभवावर व्हिसा मिळतो, त्याबद्दल इथे कुणीच बोललं नाही. आपल्या देशात सरकारमान्य असलेलं किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण, गेल्या पाच वर्षांत त्याच कामाचा निदान दोन वर्षांचा अनुभव, आणि ठरलेल्या मर्यादेच्या वर पगार देणारी नोकरी हातात हवी. जर्मन समकक्षता, म्हणजे आपलं प्रशिक्षण तिथल्या प्रशिक्षणाच्या तोडीचं आहे अशी मान्यता, काढावी लागत नाही.

आता गोम इथेच आहे. फिटर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे, ते बसतात. वेल्डर एक वर्षाचा, तो नाही, हात कितीही साफ असो! माझा भाचा फिटर, चाकणला चार वर्षं काम केलेलं. पण ठेकेदाराने अनुभवपत्रावर लिहिलं 'हेल्पर'. काम फिटरचं, कागद हेल्परचा. ते बदलून घेण्यात दोन महिने गेले, तेही पगाराच्या स्लिपा आणि पीएफचं पासबुक पुढे टाकल्यावर. तेव्हा एजंटकडे जायच्या आधी स्वतःचं अनुभवपत्र एकदा नीट वाचा.