तंजावर, तरंगमबाडी आणि चेट्टिनाड: सहा दिवसांत काय गाळू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

जानेवारीत मी, आई (७१) आणि मावशी (६८) अशा तिघी तंजावर भागात जायचं म्हणतोय. जाण्यायेण्याचे दिवस सोडून सहा दिवस हातात आहेत. गाडी ड्रायव्हरसकट भाड्याने घेऊ.

आधी कारण सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. आई शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायची. तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर तिथले मराठा राजे शरभोजी यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा अख्खा इतिहास मराठीत कोरून घेतलाय, हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय. मागच्या महिन्यात भाच्याने तिला त्या लेखाचे फोटो छापून आणून दिले. तेव्हापासून दुपारची झोप गेली. जेवणं झाली की टेबल पुसायचं, भिंग घ्यायचं आणि बसायचं. फोटो धूसर, अक्षरं दाटीवाटीची. एखादा शब्द लागला की समासात पेन्सिलीने लिहिते आणि मला स्वयंपाकघरातून हाक मारते. तर तिला ती भिंत समोर उभं राहून वाचायची आहे. हवा तेवढा वेळ.

मावशीला समुद्र, साड्या आणि खाणं. मला चेट्टिनाडचे वाडे.

आईचे दोन्ही गुडघे दुखतात. सपाटीवर थांबत थांबत कितीही चालेल, पण पायऱ्या नकोत.

टूर कंपनी सुचवू नका, प्लीज. दोन वर्षांपूर्वी एकीबरोबर मदुराई-रामेश्वर केलं. मदुराईला पावणेएकला पोचलो, तर देऊळ बंद. उघडणार चारला आणि आमची बस निघणार दोनला. आईने मीनाक्षीचं गोपुर शहाळं पीत रस्त्याच्या पलीकडून बघितलं. ती काही बोलली नाही, पण परतीच्या गाडीत कुणाशीच बोलली नाही.

माझी यादी: तंजावरचं देऊळ, राजवाडा, सरस्वती महाल (जुनं ग्रंथालय), तिरुवैयारू, कुंभकोणम, दारासुरम, स्वामिमलै, गंगैकोंडचोळपुरम, चिदंबरम, तरंगमबाडी, वेळांकण्णी, मनोरा, सित्तन्नवासल, तिरुमयमचा किल्ला, पिळ्ळैयारपट्टी, कारैकुडी (म्हणजे चेट्टिनाड). लिहून झाल्यावर मोजलं, तर सोळा. म्हणजे मीच टूर कंपनी झाले की!

काय गाळू? मुक्काम कुठे किती? आणि पोंगलच्या आधी जावं की नंतर?

कावेरीकाठ:
नोकरीनिमित्त चार वर्षं कुंभकोणमला काढली आहेत, म्हणून हक्काने लिहितो.

सगळ्यात आधी घड्याळ. तिकडची देवळं दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात ती चारला उघडतात. त्यामुळे दिवस सकाळी सहाला सुरू करायचा, अकरापर्यंत एक मोठं देऊळ, मग केळीच्या पानावर जेवण, झोप, आणि चारनंतर दुसरं. एका दिवसात दोन, तिसरं नाही. दुसरं म्हणजे पाय. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि तंजावरचं आवार प्रचंड आहे. जानेवारीतसुद्धा अकरानंतर फरशी चटके देते. जाड मोजे बरोबर ठेवा.

आईंसाठी बृहदीश्वर दोनदा ठेवा. पहिल्या दिवशी संध्याकाळी नुसतं बघायला. १०१० साली पुरं झालेलं ते राजराज चोळाचं शिखर उजेड उतरताना बघावं, तेव्हा निम्मं गाव आवारात पाय पसरून बसलेलं असतं. दुसऱ्या दिवशी उघडल्या उघडल्या फक्त लेखासाठी. तो नैर्ऋत्येच्या बाजूला आहे. बहुतेक लोक नंदी आणि गाभारा करून परततात, त्यामुळे तिथे कुणी ढकलणार नाही. घडीचं स्टूल मिळालं तर न्या, आत नेऊ देतात का ते दारावर विचारा.

मुक्काम: तंजावर २, कुंभकोणम १, तरंगमबाडी १, चेट्टिनाड १. पाच रात्री, सहा दिवस. दारासुरम कुंभकोणमपासून चार किलोमीटर आणि तिन्ही मोठ्या चोळ देवळांत गुडघ्यांना सगळ्यात सोसणारं. मंडपाला रथाची चाकं आणि घोडे कोरलेत. गंगैकोंडचोळपुरम गाळू नका. शिखर तंजावरपेक्षा थोडं बुटकं, पण बाक आत घेतलेला. उत्तरेच्या दाराशी शंकर-पार्वतीचं एक शिल्प आहे, त्यात शंकर आपल्या चंडेश या भक्ताच्या डोक्याला फुलांची माळ गुंडाळतोय. आम्ही पाहुण्यांना फक्त तेवढ्यासाठी घेऊन जायचो.

चिदंबरम आणि वेळांकण्णी या वेळी सोडा. दोन्ही ठिकाणी गर्दी.

भटकभवानी:
सित्तन्नवासल आणि तिरुमयम, दोन्हीकडे चढ आहे. खोडा.
मनोरा मात्र खोडताना वाईट वाटेल: नेपोलियन हरला म्हणून इंग्रजांच्या दोस्तीखातर शरभोजींनी तमिळ समुद्रकिनाऱ्यावर बांधलेला आठ मजली मनोरा! पण तंजावरहून जाऊन येऊन अर्धा दिवस जातो. आईंना गोष्ट सांगा, पुरे.

सांबारप्रेमी:
सांबार हा शब्द संभाजीराजांवरून आला आणि तो तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात

भटकभवानी:
झाली सुरुवात. ही दंतकथा आहे, पुरावा कुणी दाखवलेला नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा.

तंबोरा:
तारखा ठरवण्याआधी कालनिर्णय उघडा आणि पौष वद्य पंचमी बघा. तिरुवैयारूला त्या दिवशी कर्नाटक संगीताचे रचनाकार त्यागराज यांची आराधना असते. कावेरीकाठी त्यांच्या समाधीपुढे शेकडो गवई एकत्र बसून पाच पंचरत्न कृती म्हणतात. तिकीट नसतं, जमिनीवर जागा मिळेल तिथे बसायचं. तंजावरहून जेमतेम तेरा किलोमीटर. मात्र त्या दिवसांत खोल्या मिळणं अवघड, आणि पोंगलच्या आठवड्यात तर सगळा तमिळनाडूच प्रवासात असतो. डिसेंबरपर्यंत तिकडे परतीचा पाऊस. म्हणून पोंगल उलटल्यावरच जा. पंचमी जुळली तर नशीब.

चुनखडी:
व्यवसायाने आर्किटेक्ट. चेट्टिनाडला एकच रात्र म्हणजे पाप आहे, पण असो.

कारैकुडी शहरात राहू नका, कानाडुकात्तानला राहा. काही वाड्यांतच आता राहायची सोय आहे. हे नगरत्तार सावकार ब्रह्मदेश, मलाया, सिलोनमध्ये पैसा मिळवायचे आणि इथे दुष्काळी मुलखात घरं बांधायचे. खांबांना बर्मा सागवान, जमिनीला इटलीचा संगमरवर, आणि भिंतीच्या गिलाव्यात चुन्याबरोबर अंड्याचा पांढरा बलक. हात फिरवून बघा, आरशासारखी गार लागते. बहुतेक वाडे बंदच असतात, कारण एकेका घराला वारस पन्नास आणि राहायला कुणी नाही. राखणदाराला विचारलं की दाखवतात, थोडे पैसे द्यायचे.

शेजारी आत्तंगुडीला फरशीचा कारखाना बघा. काचेवर पत्र्याचा साचा ठेवतात, नक्षीच्या एकेका खणात पळीने रंगीत सिमेंट ओततात, साचा अलगद उचलतात, वर रेती-सिमेंटचा थर. मग पाण्यात आणि उन्हात. भट्टी नाहीच. चकाकी येते ती काचेची. आईंना खुर्ची देतील, अर्धा तास कसा गेला कळणार नाही.

मावशींसाठी: कंडांगी साडी तिथली. सुती, जाड, मोठे चौकडे.

कावेरीकाठ:
एक राहिलं. तरंगमबाडीला मावशींचा समुद्र तर आहेच, डेन्मार्कच्या लोकांनी १६२० साली बांधलेला डान्सबोर्ग किल्ला अगदी वाळूला लागून आहे. १८४५ साली त्यांनी सगळं इंग्रजांना विकलं. आईंना मात्र हे सांगा: श्वार्ट्झ नावाचा मिशनरी आधी या गावात उतरला, मग तंजावरला गेला आणि शरभोजींचा शिक्षक झाला. तंजावरला शिवगंगा बागेजवळ त्याच्या नावाचं चर्च आहे. आत संगमरवरी शिल्प आहे: श्वार्ट्झ मरणशय्येवर आणि राजा त्याच्या उशाशी. मी दोनदा गेलो, एकदा कुलूप होतं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. श्वार्ट्झचं आईला वाचून दाखवलं. "शिक्षकाच्या उशाशी राजा? मग ते आधी," म्हणाली. मदुराईनंतर पहिल्यांदाच तिने स्वतः काही मागितलं.

आता असं ठरतंय: पहिले दोन दिवस तंजावर. लेख, राजवाडा, सरस्वती महालाचं संग्रहालय, श्वार्ट्झ चर्च. तिसऱ्या दिवशी सकाळी दारासुरम, संध्याकाळी कुंभकोणमला फिल्टर कॉफी. चौथ्या दिवशी गंगैकोंडचोळपुरम करून तरंगमबाडी. पाचव्या दिवशी लांबचा पल्ला, चेट्टिनाड. सहाव्या दिवशी फरशी, वाडे, पिळ्ळैयारपट्टीचा उजव्या सोंडेचा गणपती, आणि त्रिचीहून परत. सोळाचे नऊ झाले. स्वामिमलैच्या पंचरशी मूर्ती मावशीने हट्टाने ठेवायला लावल्यात, तेव्हा दहा. तिथे देवळाच्या पायऱ्या चढणार नाही, फक्त कारागिरांकडे जाऊ.

एक प्रश्न उरलाय. तरंगमबाडीहून कानाडुकात्तानला जाताना दुपारच्या जेवणासाठी कुठे थांबावं? मावशी विचारतेय. मासे हवेत.

कावेरीकाठ:
मासे तरंगमबाडीतच आदल्या रात्री खाऊन घ्या. वाटेत तंजावरला थांबून पानावरचं जेवण. आणि आईंना विचारा, लेख अर्धा राहिला असेल तर चारला देऊळ उघडेपर्यंत थांबता येईल.

धागाकर्ती:
विचारलं. पेन्सिल पर्समध्ये ठेवली तिने.