‘स्टॉर्मवॉटर’मधलं वादळ मराठीत कुठे ठेवायचं?

खाडीपार
मंडळी, अडलंय. एका एजन्सीकडून अनुवादाचं काम आलंय. अमेरिकेतल्या एका काउंटीचं माहितीपत्रक आहे. प्लॉट विकसित करताना, म्हणजे झाडं काढून, माती कापून-भरून जागा तयार करताना, पावसाच्या पाण्यासाठी कुठले परवाने घ्यावे लागतात त्याचं. गुजराती, तेलुगूबरोबर या खेपेला मराठीही हवंय म्हणे. तिकडे किती मराठी माणसं बुलडोझर लावून बसलीत कोण जाणे, पण शब्दावर पैसे मिळतात, मी विचारायला गेले नाही.

अडचण पहिल्याच ओळीत. एजन्सीच्या शब्दसूचीत ‘स्टॉर्मवॉटर’ला ‘वादळाचे पाणी’ आणि ‘स्टॉर्म इव्हेंट’ला ‘वादळाची घटना’ दिलंय. आता नियम बघा. साइटची पाहणी दर ७ दिवसांनी करा, नाहीतर दर १४ दिवसांनी करा आणि शिवाय २४ तासांत पाव इंच पाऊस देणारी ‘स्टॉर्म’ झाली की पुढच्या २४ तासांच्या आत करा. म्हणजे सूचीप्रमाणे ‘पाव इंचाचे वादळ झाल्यास’. हे मी ऐरोलीत, जुलैत, समोरची बिल्डिंग दिसत नाही अशा पावसात टाइप करतेय. पाव इंच तर आमच्या बाल्कनीतल्या बादलीत सकाळच्या चहापर्यंत पडतो.

त्यात ‘ग्रेडिंग’ला, म्हणजे त्याच माती कापण्या-भरण्याला, ‘प्रतवारी’. ‘प्रतवारी परवाना’! शनिवारी फाइल द्यायचीय. वाचवा.

चहाटपरी
प्रतवारी वाशीच्या मार्केटात हापूसची होते. तुमच्या काउंटीत मातीच्या पेट्या भरत असतील, चार डझनी, पाच डझनी.

निवृत्त ओव्हरसियर
खाडीपार ताई, ‘स्टॉर्म’ म्हणजे इथे वादळ नाहीच. पाणीवाल्या इंजिनिअरांच्या भाषेत पावसाचा एक सलग हप्ता म्हणजे एक स्टॉर्म. वारा असो नसो, वीज कडाडो न कडाडो. पाऊस सुरू झाला, थांबला, मध्ये कोरडा वेळ गेला, पुन्हा आला, की दुसरी स्टॉर्म. पाव इंच म्हणजे साधारण सव्वासहा मिलिमीटर. हवामान खातं २४ तासांत अडीच ते साडेपंधरा मिलिमीटरला ‘हलका पाऊस’ म्हणतं. तेव्हा तुमचं वादळ सरकारी हिशेबात हलकं आहे.

आमच्या साइटवर कोणी ‘वादळाचं पाणी’ म्हटलं असतं तर मुकादमाने ताडपत्री आणायला माणूस पिटाळला असता. आम्ही ‘पावसाची लाइन’ आणि ‘मैल्याची लाइन’ म्हणायचो. ड्रॉइंगवर काही का लिहिलेलं असेना.

शुद्धमती
शब्द तयार आहे आणि तो चांगला आहे : पर्जन्यजल. मुंबई महापालिकेत ‘पर्जन्य जलवाहिन्या’ असं अख्खं खातंच आहे. मग ‘पर्जन्यजल व्यवस्थापन परवाना’ म्हणायला काय हरकत? ‘पावसाची लाइन’ हे मराठी नव्हे, निम्मं मराठी.

चहाटपरी
ते खातं लोकांना माहीत आहे ते ‘नालेसफाई झाली का नाही’वाले म्हणून. ‘पर्जन्यजलवाहिनी तुंबली’ असं ओरडत कोणी खाली आलेलं मी तरी पाहिलं नाही.

शुद्धमती
लोक ओरडतात त्यावर परिभाषा ठरत नसते. सावरकरांनी ‘महापौर’ दिला तेव्हाही हसले होते लोक. आज ‘मेयर’ म्हणणारा वेगळा वाटतो.

चहाटपरी
हो, पण महापौर एकच असतो आणि तो तुंबत नाही.

वऱ्हाडी पाहुणा
मी मूळचा अकोल्याचा, बारा वर्षं खारघरात. ‘स्टॉर्म इव्हेंट’साठी एक शब्द सुचतो : सर. ‘एक सर येऊन गेली.’ सुरुवात आहे, शेवट आहे, दोन सरींमध्ये उघडीप आहे. ओव्हरसियर काका म्हणतात तो सलग हप्ता तोच ना? आमच्याकडे दोन-चार दिवस उसंत न देता पडला तर ‘झड लागली’ म्हणतात. सर आणि झड एवढ्या दोन शब्दांत तुमचं अर्धं जलविज्ञान बसतं.

खाडीपार
‘सर’ सुंदर आहे! पण ‘पाव इंचाची सर’? कायद्याच्या कागदात? रिव्ह्यूअर म्हणेल कविता करू नका.

वऱ्हाडी पाहुणा
कविता कसली ताई, शेतकरी रोज बोलतो.

निवृत्त ओव्हरसियर
सर म्हणजे मला वाटतं पंधरा-वीस मिनिटांची. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पडला, त्याला सर म्हणणार का? तीही एक स्टॉर्मच होती. शब्द दोन्ही टोकांना पुरला पाहिजे. आणि ‘डिझाइन स्टॉर्म’चं, म्हणजे नाला बांधताना हिशेबात धरतात त्या पावसाचं, काय कराल? ‘संकल्पित सर’? मुंबईचे जुने नाले ताशी २५ मिलिमीटर धरून बांधलेले. १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने, म्हणजे मुंबईच्या पावसाळी नाल्यांवरच्या अहवालाने, ते ५० करा म्हटलं. त्या सगळ्या हिशेबात आम्ही सरळ ‘पाऊस’ म्हणायचो. ‘पाऊस किती धरलाय?’ एवढंच.

तलावपाळी
ग्रेडिंगकडे कोणी बघत नाहीये. ‘सपाटीकरण’ लिहा की. बिल्डरपासून बातमीदारापर्यंत सगळे तेच म्हणतात. सपाटीकरण बघायचं तर विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली ते बघा.

निवृत्त ओव्हरसियर
नको! हीच चूक सगळीकडे होते. सपाटीकरण म्हणजे सपाट करणं. ग्रेडिंग म्हणजे जमिनीला हवी ती पातळी आणि हवा तो ढाळ देणं. प्लॉट खरोखर सपाट केलात तर पाणी जाईल कुठे? तिथेच बसेल. कापणं-भरणं संपलं की पाणी कुठल्या कोपऱ्याकडे धावणार ते ग्रेडिंगने ठरतं, म्हणून तर पाण्याच्या परवान्यात ग्रेडिंग येतं.

गेल्या वर्षी घरी बाथरूमच्या लाद्या बदलल्या. मिस्त्री पंचविशीचा, नांदेडकडचा. कोबा घालायच्या आधी उंबऱ्यावर उकिडवा बसला आणि म्हणाला, “काका, ढाळ कुठं काढू, दाराकडं का भिंतीकडं?” मग पाणसळ ठेवली, बुडबुडा जाळीच्या उलट्या बाजूला सरकेपर्यंत माल दाबला, वर लोटाभर पाणी ओतून बघितलं. एक धार कमोडमागे रेंगाळली. त्याने थापीने तिथला माल उचलला, पुन्हा लावला, पुन्हा लोटा. ताई, हेच ग्रेडिंग. तुमच्या काउंटीत हेच एकरात करतात.

खाडीपार
‘ढाळ’! माझे वडील गच्चीबद्दल बोलताना म्हणायचे हा शब्द. मी विसरूनच गेले होते. पण ‘ढाळकाम परवाना’ असं लिहू का?

शुद्धमती
ढाळकाम म्हटलं की ओतकाम वाटतं, धातू ढाळणं. शिवाय ढाळ म्हणजे… जाऊ द्या. औषधाच्या दुकानातही तो शब्द चालतो.

चहाटपरी
‘तपासणी होईपर्यंत ढाळ थांबवू नये.’

शुद्धमती
आणि परवाना की परवानगी तेही ठरवा. ‘अनुज्ञप्ती’ लायसन्ससाठी आहे, ‘परवाना’ पर्मिटसाठी.

चहाटपरी
पर्मिट म्हटलं की महाराष्ट्रात पुढे ‘रूम’ लागतं हे कोणीतरी काउंटीला कळवा. त्यात गटारी तोंडावर आलीय.

तलावपाळी
गटारी नाही, मूळ शब्द ‘गतहारी’. गत आहार. श्रावणात जे सुटणार ते आदल्या अमावस्येला…

वऱ्हाडी पाहुणा
हे दरवर्षी व्हॉट्सॲपवर येतं. ‘गत आहार’ची संधी ‘गताहार’ होते, ‘गतहारी’ नाही. लोक पिऊन कुठे पडतात ते बघा आणि व्युत्पत्ती तिथेच शोधा.

तलावपाळी
तो दिव्यांच्या अवसेचा अपमान आहे. आणि मुळात गटार हा शब्द इंग्रजांकडून आलेला, ‘गटर’वरून.

शुद्धमती
‘गटर’ लॅटिन ‘गुट्टा’वरून, म्हणजे थेंब. आपल्याकडे ‘गर्त’ आहे, खड्डा. गर्तावरून गटार का नसेल? प्रत्येक गोष्ट बोटीतून उतरलीच पाहिजे का?

खाडीपार
मंडळी… शनिवार…

घणसोलीचा नातू
उशिरा आलो. आम्ही आगरी, घणसोली गावठाणातले. तुम्ही सगळे पाण्याला शब्द शोधताय आणि जिथे बसून शोधताय ती जमीन खाजण होती, भरतीचं खारं पाणी शिरणारी. तिथे पाणी आत-बाहेर करायचे शब्द सगळे होते.

माझ्या आज्याची खारबांधाआड भातशेती. बांधाला उघाडी असायची. आजा ‘उघारी’ म्हणायचा, आमच्यात ‘ड’चा ‘र’ होतो. बांधातून काढलेली मोरी आणि तिच्या खाडीकडच्या तोंडाला फळीचं झाकण, वरून टांगलेलं. भरतीचं पाणी चढलं की झाकण आपसूक दाबून बंद, खारं पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी त्याला ढकलून बाहेर. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. फक्त काटकी अडकली की संपलं. म्हणून उधाणाच्या रात्री आजा कंदील घेऊन बांधावर. मी सहा-सात वर्षांचा, मागून चाललेला. खाली उतरून तो फळीच्या कडेने बोटं फिरवायचा, चिखलातून काही निघालं तर मागे न बघता माझ्याकडे फेकायचा. कधी काटकी, कधी चिंबोरी. चिंबोरी फेकायच्या आधी सांगायचा नाही. बांध फुटला तर ‘खांड पडली’ म्हणायचे, मग रातोरात गाव जमायचं.

सिडकोने १९७० नंतर शहर वसवलं तेव्हा खाडीलगतची जमीन भरतीच्या पातळीखाली म्हणून धारण तलाव केले. ‘होल्डिंग पॉन्ड’. भरतीला झडपा बंद, शहरातला पाऊस तलावात थांबतो, ओहोटीला खाडीत सुटतो. लोक याला डच तंत्रज्ञान म्हणतात. असेल. आज्याला डच कोण ते माहीत नव्हतं.

निवृत्त ओव्हरसियर
वा! ‘फ्लॅप गेट’ला मी तीस वर्षं ‘फ्लॅप’ म्हणत आलो.

शुद्धमती
उघाडी चांगला शब्द आहे. ‘स्वयंचलित जलद्वार’पेक्षा चांगला, हे मान्य करते. (नोंद घ्यावी, रोज मान्य करत नाही.)

वऱ्हाडी पाहुणा
म्हणजे पावसाची ‘उघाड’ आणि बांधाची ‘उघाडी’ एकाच ‘उघडणे’मधून. एक आभाळाची, एक खाडीची.

तलावपाळी
माझ्या टोपणनावातली ‘पाळ’सुद्धा तीच जमात. पाळ म्हणजे तलावाचा बांध. ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या पाळीवर आता कट्टा आणि आइस्क्रीम आहे, पण शब्दाने बांध सोडला नाही.

चहाटपरी
आणि ते धारण तलाव गाळाने भरले, त्यात तिवरं उगवली. २०१८च्या उच्च न्यायालयाच्या निकालामुळे तिवरांना हात लावायचा तर न्यायालयात जा. अमेरिकेत माती उकरायला परवाना, आपल्याकडे गाळ उपसायला.

निवृत्त ओव्हरसियर
इथे एक मुद्दा आहे, हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकेतला हा परवाना मुळात पुरासाठी नाही, गढूळपणासाठी आहे. त्यांच्या १९७२च्या स्वच्छ पाणी कायद्यात १९८७ साली दुरुस्ती झाली आणि पावसाचं पाणी त्यात आलं. आधी ५ एकरांवरच्या कामांना लागू होतं, मग १ एकरावर आणलं. १ एकर म्हणजे आपले ४० गुंठे. तेवढी जमीन उकरली की आराखडा द्यायचा : माती वाहून ओढ्यात जाऊ नये म्हणून काय करणार. आपल्याकडे मातीसाठी तहसीलदाराकडे जायचं ते गौण खनिज म्हणून, ब्रासच्या हिशेबाने स्वामित्वधन भरायला. माती गेली किती ते मोजतात, वाहिली किती ते नाही. आणि पाण्यासाठी नियम आहे तो पर्जन्यजल संचयनाचा, ५०० चौरस मीटरपासून पुढच्या प्लॉटना. तेव्हा ताई, ‘निचरा’ हा शब्द वापरू नका. निचरा म्हटलं की पाणी लवकर घालवायचं असं वाटतं. त्यांना ते थांबवून, गाळ खाली बसवून सोडायचंय.

खाडीपार
हे कोणी सांगितलं नसतं तर मी ‘पर्जन्यजल निचरा परवाना’ लिहून मोकळी झाले असते. मग ‘सिल्ट फेन्स’? खांबांना कापड ताणून जमिनीत पुरतात ती.

निवृत्त ओव्हरसियर
गाळपडदा.

शुद्धमती
गाळरोधक पटल.

घणसोलीचा नातू
कूड. कुडाचं कुंपण बघितलंय ना? तसंच, फक्त कापडाचं.

चहाटपरी
इथल्या साइटवर हिरवी नेट लावतात, पण ती धुळीसाठी, आणि फाटलेलीच असते.

शुद्धमती
कूड म्हणजे कारवीचा, शेणाने लिंपलेला. त्यातून पाणी जात नाही. इथे पाणी जायचंय, गाळ अडायचाय. अर्थच उलटा.

घणसोलीचा नातू
न लिंपलेला कूड कधी बघितला नाही वाटतं. आमच्या परसात सगळा न लिंपलेलाच होता, कोंबड्या आत-बाहेर करायच्या.

खाडीपार
फाइल दिली. रात्री पावणेबाराला. ‘बांधकामाच्या जागेवरील पावसाचे पाणी : परवाना’, ‘माती कापणे, भरणे व ढाळ देणे’, आणि ‘२४ तासांत पाव इंच किंवा अधिक पाऊस झाल्यास’. सर कुठेच बसली नाही, वाईट वाटलं. ‘सिल्ट फेन्स’ देवनागरीत तसंच ठेवलं, शुद्धमती रागावतील. ‘उघाडी’ला मूळ मजकुरात जागाच नव्हती, काउंटी समुद्रापासून लांब आहे.

शुद्धमती
रागावले.

वऱ्हाडी पाहुणा
‘ढाळ’चं लिंग काय धरलंत? आमच्याकडे ‘ढाळ काढला’.

तलावपाळी
ठाण्यात मी ‘ढाळ काढली’ पण ऐकलंय.

निवृत्त ओव्हरसियर
मिस्त्रीला फोन करून विचारतो.