मदत हवी आहे: रॉक-ओला एम१ कार्बाइन, 'अतिदुर्मिळ' म्हणून दुप्पट भाव

टेक्सासमध्ये एका विक्रेत्याकडे रॉक-ओलाची एम१ कार्बाइन (दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन सैन्याची हलकी रायफल) आहे. कंपनी मूळची ज्यूकबॉक्सवाली, म्हणून 'अतिदुर्मिळ, फॅक्टरीतून आली तशीच' असं सांगून इनलँडच्या (सर्वांत जास्त कार्बाइन बनवणारी कंपनी) दुप्पट भाव मागतोय. साठ लाखांवर कार्बाइन बनल्या, त्यात रॉक-ओलाच्या सुमारे 2 लाख 28 हजार. इनलँडपेक्षा खूप कमी हे खरं, पण 'अतिदुर्मिळ' शब्द शोभतो तो काही हजारांतच अडकलेल्या अर्विन-पेडरसन कंपनीच्या कार्बाइनला.

माझा खरा संशय 'फॅक्टरीतून आली तशीच' यावर आहे. युद्धानंतर बहुतेक कार्बाइन आर्सेनलमध्ये (सरकारी शस्त्रागारात) दुरुस्त झाल्या आणि सुटे भाग सरमिसळ झाले. हिच्यावर जुनी उलटणारी एल-साइट (नेम धरायची मागची साइट), संगीन न बसणारा बॅरल बँड (नळी आणि स्टॉक एकत्र धरणारी पट्टी) आणि पुश-बटन सेफ्टी असे सुरुवातीच्या काळातले भाग आहेत. पण हे तिन्ही नंतर विकत घेऊन बसवता येतात! फोटोत साइटच्या खाचेशी ठोकल्याच्या दोन वेगवेगळ्या खुणा दिसतात, आणि बँडखाली फिनिश जरा रुंद पट्ट्यात घासलंय. रुंद, संगीनवाला बँड काढल्यासारखं वाटतं.

बॅरलवर इम्पोर्ट मार्क (परदेशातून परत आयात झाल्याची खूण) नाही, स्टॉकवर आर्सेनलचा शिक्का नाही. लिलावांतले विकले गेलेले भाव पाहिले, पण तिथेही सुटे भाग कुठले ते लिहीत नाहीत.

शनिवारी वीस मिनिटं बघायला मिळेल. स्टॉक काढू देणार, पिना नाही. तेवढ्यात बोल्ट, ट्रिगर हाउसिंग, स्लाइड यांवरचे कोणते शिक्के आधी बघू? आणि भाग बदललेले निघाले, तर नुसत्या रॉक-ओला रिसीव्हरसाठी इनलँडपेक्षा किती टक्के जास्त देणं रास्त?